माझ्या नावावर सातबारा नाही: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी तालुक्यातल्या एका बँकेने माझी कर्जाची फाइल चौथ्यांदा परत दिली. साहेब म्हणाले, "मॅडम, सातबारा तुमच्या नावावर नाही. वडिलांना आणा, नाहीतर लग्नानंतर मिस्टरांना घेऊन या." शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी मान डोलावली. घरी आल्यावर जेवण गेले नाही, म्हणून हे पत्र.

मी बी.एस्सी. कृषी आहे. मागच्या वर्षी एका मेळाव्यात व्यासपीठावरून आम्हाला सांगितले गेले की शेतीत करिअरच्या शंभर वाटा आहेत, नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा. मी ते मनापासून ऐकले. कृषी पदवीधरांना स्वतःचा व्यवसाय उभारायला मदत करणाऱ्या अ‍ॅग्री क्लिनिक योजनेचे ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण पूर्ण केले, प्रकल्प अहवाल केला, तो माती-पाणी तपासणीच्या लहान प्रयोगशाळेचा.

प्रयोगशाळाच का, ते सांगते. आमची दोन शेते आहेत, ओढ्याकाठची भारी काळी आणि वरच्या अंगाची बरड. दोन्हींच्या मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचे सरकारी अहवाल, आले. सेंद्रिय कर्ब सारखा, स्फुरद सारखे, पालाश सारखे, जस्त-लोहापर्यंत बाराच्या बारा आकडे जुळलेले. नमुना घ्यायचा म्हणजे शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरेपर्यंत आणायची. आमच्या बांधावर कुणी पाऊलही ठेवले नव्हते. त्या कागदावर विसंबून वडिलांनी खताचा डोस ठरवला असता तर नुकसान कुणी भरून दिले असते? हे काम मला येते, साहेब. मी ते शिकले आहे.

अ‍ॅग्री क्लिनिक योजना केंद्राची आहे आणि २००२ पासून चालू आहे, हे मला माहीत आहे. ३६ टक्के अनुदान, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. पण अनुदान कर्जाला बांधलेले आणि कर्जासाठी बँक तारण मागते. तारण म्हणजे जमीन आणि जमीन बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या नावावर. मग ते ४४ टक्के कोणत्या महिलेसाठी लिहिले आहेत?

बाकीच्या वाटाही चालून पाहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कृषी सेवेची २५८ पदे राज्यसेवेच्या परीक्षेत घ्या, एवढ्यासाठी मुलांना पुण्यात शास्त्री रस्त्यावर बसावे लागले. मीही बसले होते. पदे होती, मुले होती, तरी रस्त्यावर यावे लागले. कीटकनाशकाच्या एका कंपनीत मुलाखत दिली. तिथे म्हणाले, फिल्डवर मुली टिकत नाहीत. माझा वर्गमित्र तिथे लागला. पगार एजन्सीकडून, टार्गेट कंपनीचे, दुचाकी स्वतःची. जूनमध्ये विक्रेत्याकडे माल भरायचा आणि ऑक्टोबरमध्ये न खपलेल्या मालासाठी शिव्या खायच्या.

आमच्या वर्गात साठ जण होतो. व्हॉट्सअ‍ॅप गटावर मोजले. सरकारी नोकरीत चार, बँकेत कृषी अधिकारी पाच-सहा, कंपन्यांत पंधरा-वीस, एकाची रोपवाटिका, एकाची शेतकरी उत्पादक कंपनी. उरलेले पुण्यातल्या अभ्यासिकेत नाहीतर घरी. एखादा आकडा इकडचा तिकडे असेल, पण चित्र हेच आहे. ज्याची रोपवाटिका आहे त्याच्या वडिलांची वीस एकर बागायत आहे.

आणि एक वाट राहिली. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शिकलेला माणूस लागतो. नियम चांगला आहे, दुकानात जाणकार असावा म्हणून केलेला. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की पदवी भाड्याने द्यायची. एक दुकानदार घरी आले आणि वर्षाला चाळीस हजार देतो म्हणाले. मी दुकानात पाऊल टाकायचे नाही, प्रमाणपत्र तेवढे भिंतीवर लावायचे. शेतकऱ्याला कापसावर काय फवारायचे ते सांगणार दहावी झालेला पोरगा आणि त्याच्या डोक्यावर माझे नाव.

डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे. माणसाच्या अन्नावर उपचार करणाऱ्या आमची मात्र नावे नोंदवणारी अशी कायद्याने नेमलेली परिषद राज्यात नाही, म्हणून आमचे नाव भिंतीवर टांगून कुणीही धंदा करतो. २०२५ मध्ये कृषी सहायकांचे पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी केले. आमच्याकडचे सहायक आजही पाच-सहा गावे एकटे सांभाळतात. खासगी कृषी महाविद्यालयांना परवानगी देताना इथून बाहेर पडणारी पोरे कुठे जातील हा प्रश्न एकाही टेबलावर विचारला गेला नाही का? माझी फी भरायला आईने गळ्यातली पोत गहाण ठेवली, ती अजून सुटलेली नाही.

माझे मागणे एवढेच आहे. प्रशिक्षण घेतलेल्या पदवीधराला सातबाऱ्याशिवाय कर्ज मिळेल अशी राज्याने हमी द्या. सरकारी माती नमुन्यांपैकी काही आमच्या प्रयोगशाळांना द्या. परवान्यावर नाव असलेला माणूस दुकानात बसतो की नाही, हे जाऊन पाहा.

आपली,
एक कृषी पदवीधर, परभणी जिल्हा

ता. क. दुकानदार काल पुन्हा येऊन गेले, आता पन्नास म्हणतात. वडिलांनी त्यांना अजून नाही म्हटलेले नाही.