सीट शर्यतीच्या, गियर टॅक्सीचा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकन मोटारींवर लेख आला आहे. त्यात १९६२ च्या शेवरोले इम्पालाच्या छायाचित्राखाली, बकेट सीट (एकेका माणसाच्या सुट्या सीट) आणि ‘एसएस’चा बिल्ला आहे म्हणजे ही ४०९ इंजिनाची गाडी, अशा अर्थाची ओळ आहे. ती चूक आहे आणि साधी चूक नाही. जुन्या गाड्यांचे सौदे याच समजुतीवर होतात.

४०९ हा इंजिनाचा आकडा, घनइंचांत. एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट हा साजशृंगाराचा पर्याय. १९६१ च्या मध्यावर तो प्रथम आला तेव्हा फक्त ३४८ किंवा ४०९ इंजिनाबरोबर मिळे. गोंधळाचे मूळ तिथे आहे. पुढच्याच वर्षी ती अट गेली. १९६२ मध्ये २३५ घनइंचांचे, सहा सिलिंडरचे, १३५ हॉर्सपॉवरचे इंजिन घेऊनही एसएस मिळत होती. गिऱ्हाइकाला मिळायच्या त्या दोन सुट्या सीट, बिल्ले, चाकांवरच्या खास टोप्या आणि बाजूच्या पट्टीत भोवऱ्यांच्या नक्षीचा पत्रा. उलट दोन कार्ब्युरेटरचे, ४०९ हॉर्सपॉवरचे ४०९ इंजिन शेवरोलेच्याच साध्या बेल एअरमध्येही बसवून मिळे. शर्यतवाले तर तीच हलकी गाडी पसंत करत, पुढे सलग बाकडे असलेली.

सुट्या सीटचे एवढे अप्रूप का, हे ज्यांनी काळी-पिवळी पद्मिनी किंवा जुनी ॲम्बेसेडर चालवली आहे त्यांना लगेच कळेल. पुढे एकच लांब सीट, गियरचा दांडा स्टीअरिंगखाली. अमेरिकन घरगुती गाडीची मांडणी हीच होती. १९५८ ची फोर्डची चार माणसांची थंडरबर्ड आणि १९६० ची क्रायस्लर ३०० एफ यांत सुट्या सीट होत्या, पण या बड्या लोकांच्या गाड्या. ३०० एफमध्ये तर चारही सीट सुट्या, मधून मागेपर्यंत कन्सोल (सीटांमधली लांब पेटी) आणि पुढच्या सीट उतरताना दाराकडे वळणाऱ्या. ही हौस स्वस्त गाडीत आणली शेवरोलेच्या कॉर्व्हेअर मोन्झाने. हवेवर थंड होणारे इंजिन मागे असलेली साधी कॉर्व्हेअर फोर्डच्या फाल्कनपुढे मार खात होती. १९६० च्या मध्यावर तिच्यात सुट्या सीट आणि बरे रेक्झिन घालून मोन्झा काढली. त्या वर्षी सुमारे बारा हजार खपल्या. १९६१ मध्ये दोन दारांच्या मोन्झाच लाखाहून जास्त गेल्या. मग सगळेच त्या वाटेने धावले.

फोर्डने १९६१ च्या मध्यावर फाल्कन फ्युचुरा काढली, मर्क्युरीने कॉमेट एस-२२. दोन्हींत बकेट सीट, मध्ये किडुकमिडुक ठेवायची पेटी, आणि इंजिन मात्र १४४ घनइंचांचे, ८५ हॉर्सपॉवरचे. जास्त पैसे दिले तर १७० घनइंचांचे, १०१ हॉर्सपॉवरचे. सुरुवातीच्या फ्युचुरात गियर तीनच आणि तेही स्टीअरिंगखाली. सीट शर्यतीच्या, गियर टॅक्सीचा! १९६२ च्या प्लिमथ व्हॅलियंट सिग्नेट आणि डॉज लान्सर जीटी यांचेही मूळ इंजिन १०१ हॉर्सपॉवरचेच. १९६३ च्या शेवरोलेच्याच शेवी-टू नोव्हा एसएसमध्ये कारखान्याने व्ही-८ दिलेच नव्हते, ते १९६४ मध्ये आले. १७ एप्रिल १९६४ ला आलेल्या फोर्डच्या मस्टँगचे तरी काय? खाली बराचसा फाल्कनचाच सांगाडा, मूळ इंजिन फाल्कनचेच १७० चे. फक्त बकेट सीट आणि जमिनीवरचा गियर मूळ किमतीतच. त्या काळचे हे सगळे आकडे इंजिन उघडे ठेवून, पंखा-सायलेन्सरशिवाय मोजलेले आहेत, हेही ध्यानात असावे. आजच्या गाडीच्या आकड्याशी त्यांची तुलना होत नाही.

सगळीकडे नुसतीच रंगरंगोटी होती असेही नाही. १९६१ च्या ब्यूक स्कायलार्कला ॲल्युमिनियमचे २१५ घनइंची व्ही-८ मिळे, ते १८५ हॉर्सपॉवरचे. ब्यूकच्याच साध्या ‘स्पेशल’ मॉडेलमध्ये तेच १५५ चे होते. (हेच इंजिन पुढे ब्रिटनच्या रोव्हरने विकत घेतले.) १९६१ च्या ओल्ड्समोबिल स्टारफायरमध्ये ३३० हॉर्सपॉवर होती, १९६२ च्या मोन्झा स्पायडरमध्ये टर्बोसह १५०. म्हणून प्रत्येक गाडी वेगळी तपासावी लागते.

तपासायचे कसे? १९६२ च्या इम्पालाचा कारखान्याने दिलेला नंबर डाव्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर, रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. पहिला आकडा वर्षाचा, पुढचे १८४७ म्हणजे व्ही-८ इम्पाला, दोन दारांची. १७४७ म्हणजे सहा सिलिंडरची. एसएस असो वा नसो, नंबर तोच. १९६२ आणि १९६३ च्या गाडीचा नंबर पाहून ‘ही एसएस आहे’ म्हणणारा एक तर अजाण किंवा विकणारा. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर ‘ट्रिम’चा, म्हणजे आतल्या सजावटीचा, क्रमांक असतो, तो बकेट सीटच्या कापडाचा आहे का ते पाहावे. १९६४ मध्ये एसएसला स्वतंत्र मालिका मिळाली: नंबरात वर्षाच्या आकड्यापुढे सहा सिलिंडरला १३, व्ही-८ ला १४. तिथे १८४७ असूनही बिल्ले एसएसचे असतील तर बिल्ले नंतर लावलेले. १९६२ च्या फोर्ड गॅलक्सी ५००/एक्सएलचे काम सोपे, पट्टीवर दोन दारांच्या हार्डटॉपला (पक्के छत, मधला खांब नाही) ६५बी लिहिलेले असते, साध्या गॅलक्सी ५०० ला ६५ए. पॉन्टियाक जीटीओ १९६४-६५ मध्ये पॉन्टियाकच्याच ले मान्स मॉडेलवरचा पर्यायच होता, त्यामुळे नंबरात ती दिसत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्या वकिलातींकडून किंवा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून आलेल्या. विक्रीचे मूळ कागद क्वचितच टिकले आहेत, त्यामुळे पट्टी हाच पुरावा. पट्टीचे रिव्हेट नवे दिसले तर तिथेच थांबावे.

लेखात ‘सीट नवीन करून घ्या’ एवढेच सांगून विषय संपवला आहे. बिघडते ते तिथेच. त्या काळच्या सीटवरच्या उभ्या रेघा बहुतेक शिवलेल्या नसत, उष्णतेने दाबून उमटवलेल्या असत. आपला कुशनवाला त्या शिवून देतो. सुईची भोके पडली की रेक्झिन त्या ओळीतच फाटते, आणि पाहणाऱ्याला काम नकली आहे हे दुरूनच कळते. तयार छापील कव्हर मागवणेच बरे. जुने कव्हर आखडते आणि कडेला तडकते, कारण रेक्झिन मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य उन्हाने उडून जाते. आत स्प्रिंगवर गोणपाट, त्यावर कापूस, मग फोम असे थर असतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गोणपाट पाणी धरते आणि स्प्रिंगला गंज चढतो. म्हणून कव्हर बदलताना गोणपाट बदलायचे, स्प्रिंग घासून रंगवायच्या आणि मगच फोम. कव्हराच्या नेफ्यातल्या तारा जुन्यातून काढून नव्यात घालाव्यात, त्या फेकून दिल्या तर कव्हर कधीच ताणून बसत नाही. कव्हर अर्धा तास उन्हात ठेवून मऊ करावे, मधून कडेकडे ओढत जावे आणि कव्हर धरणाऱ्या तारेच्या कड्या पक्कडीने दाबाव्यात. आधी कडा बसवल्या तर मधे सुरकुती राहते.

बाकड्याची सीट काढून बकेट बसवणाऱ्यांनी आधी खालचा पत्रा पाहावा. बाकड्याला आधार दोन्ही टोकांना असतो. सुट्या सीटला गियरबॉक्सच्या बोगद्यालगतही लागतो. तिथे नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावला की सहा महिन्यांत पत्रा फाटतो. बोल्टही इंची असतात. पत्र्याला वेल्ड केलेल्या ५/१६ इंचाच्या नटमध्ये ८ मिलिमीटरचा बोल्ट जवळजवळ सारख्याच जाडीमुळे दोन-तीन फेरे जातो, पण आटे वेगळे असल्याने नट खाऊन टाकतो.

आणि या सीटच्या पाठीला त्या काळी खिट्टी नसे. दोन दारांच्या गाडीत मागे जायला पाठ पुढे पडावी म्हणून ती मोकळीच सोडलेली. जोरात ब्रेक मारला की पाठ माणसाला घेऊन पुढे येते. अमेरिकेत खिट्टी सक्तीची झाली १९६८ च्या गाड्यांपासून. रस्त्यावर गाडी काढायची तर कमरेचा पट्टा बसवून घ्यावा: ७/१६ इंचाचा, इंचाला २० आट्यांचा बोल्ट आणि खालून किमान ३ मिलिमीटर जाडीची तळहाताएवढी पट्टी, गंजलेल्या पत्र्यावर नव्हे तर नवा पत्रा जोडल्यावरच.

– जुन्या मोटारींचे काम करणारे काही वाचक, पुणे