घरात वीज नव्हती, राऊटर बंद होता, तरी माझ्या नावावर 9.4 जीबी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड विभाग, सोलापूर

विषय : माझ्या युजर आयडीवर दुसरीकडून डेटा वापरला जात असल्याबाबत, आणि प्रत्येक सेशनची (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या वापराची) पूर्ण नोंद मिळण्याबाबत

महोदय,

मी अशोक चौकाजवळ राहतो. चादरी-टॉवेलची जकार्ड (विणतानाच कापडात उमटणाऱ्या नक्षीची) डिझाइन घरच्या संगणकावर तयार करून कारखानदारांना मेलने पाठवणे हा माझा व्यवसाय आहे. एका डिझाइनची फाइल फार तर काही एमबीची असते. तरीही मार्चपासून माझी महिन्याची 500 जीबीची मर्यादा पंधरा-सोळा तारखेलाच संपू लागली आहे. मग स्पीड पडतो, पार्टीला नमुना वेळेवर जात नाही आणि नाइलाजाने टॉप-अप मारावा लागतो. आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर ठरलेले आहे : "संगणकात व्हायरस असेल, फॉरमॅट मारा." हे उत्तर मला मान्य नाही. का, ते सविस्तर लिहितो.

सुरुवात मी संगणकापासूनच केली. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा युसेज' नावाचे पान आहे; गेल्या 30 दिवसांत कोणत्या प्रोग्रॅमने किती डेटा घेतला ते तिथे दिसते. रिसोर्स मॉनिटर उघडून या क्षणी कोण काय पाठवतो-मागवतो तेही पाहिले. त्यात दोन गोष्टी सापडल्या. विंडोजचे अपडेट आपल्या संगणकावरून इंटरनेटवरच्या इतर संगणकांना पुरवणारी 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' ही सोय चालू होती, आणि डिझाइनचे जुने फोल्डर क्लाउडवर चढत होते. दोन्ही बंद केले, कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायचा, असे विंडोजला सांगणारे) करून ठेवले. संगणकाचा वापर थोडा कमी झाला, पण आपल्या पोर्टलवरचा आकडा मात्र पूर्वीसारखाच पळत राहिला.

मग संगणक बाजूला ठेवून राऊटर धरला. वायफायचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद केले, जोडलेल्या उपकरणांची यादी तपासली. घरचे दोन मोबाइल, टीव्ही आणि संगणक, एवढेच त्यात आहे. राऊटरच्या वॅन पोर्टवरून, म्हणजे आपली इंटरनेटची तार जिथे लागते तिथून, एकूण किती डेटा आला-गेला याचा आकडा राऊटर स्वतः ठेवतो. राऊटर बंद केला की तो आकडा शून्यावर येतो, म्हणून रोज रात्री झोपताना बंद करण्याआधी मी तो वहीत लिहून ठेवू लागलो. कृपया हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. संगणकात व्हायरस असो की वायफाय चोरणारा शेजारी असो, त्यांचा प्रत्येक बाइट या वॅन पोर्टमधूनच जाणार आणि या आकड्यात दिसणारच. माझ्या वहीत दिवसाला आठ-नऊ जीबी आहेत. त्याच दिवसांसाठी आपले पोर्टल तीस-बत्तीस जीबी दाखवते.

मोजण्याच्या पद्धतीत फरक असतो, असे आपल्या तंत्रज्ञाने सांगितले. जीबी 1000 च्या हिशेबाने धरला की 1024 च्या, यात साडेसात टक्क्यांच्या आतच फरक पडतो. पीपीपीओई, म्हणजे आयडी-पासवर्डने लॉगिन करून जोडणी घेण्याची पद्धत; तिचे आवरण दर पॅकेटमागे 8 बाइटचे, म्हणजे 1500 बाइटच्या पूर्ण पॅकेटमागे अर्धा-पाऊण टक्का. आठचे तीस यातून होत नाहीत.

खरा पुरावा वीज गेल्यामुळे हाती लागला. एका रविवारी आमच्या भागात देखभालीसाठी सकाळी साडेनऊला वीज बंद झाली ती चारनंतर आली. माझ्याकडे इन्व्हर्टर नाही. राऊटर, संगणक, आपण बसवलेला फायबरचा डबा, सगळे बंद होते. आणि आपल्याच पोर्टलवर त्या दिवशी माझ्या आयडीवर एक सेशन आहे : सुरू 10:22, बंद 15:47, वापर 9.4 जीबी. सरासरी काढली तर सलग साडेपाच तास जवळपास चार एमबीपीएस. कुणीतरी निवांत व्हिडिओ पाहत बसले होते, आणि ते माझ्या घरात नव्हते.

त्यानंतर बाकीचेही जुळले. जादा वापराची सेशन्स रात्रीची आहेत, माझा राऊटर बंद असतानाची. सकाळी राऊटर लावला की अनेकदा लॉगिन मिळत नाही. आपला माणूस "सर्व्हरला प्रॉब्लेम आहे" म्हणतो आणि तासाभराने आपोआप सुरू होते. एका आयडीवर एकच सेशन चालत असेल आणि ती जागा आधीच कुणी घेतली असेल, तर असेच होणार. जोडणी देताना आयडी म्हणून माझा मोबाइल नंबर टाकला गेला आणि पासवर्ड इतका सोपा ठेवला की त्या लाइनवरच्या कुणालाही तो अंदाजाने सांगता यावा. तो बदलण्याची सोय मला दिलेली नाही.

टॉप-अपचे पैसे गेले याचा राग आहेच. पण त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. त्या सेशनमध्ये कुणी एखाद्याला फसवले, धमकीचा मेल पाठवला, तर तपासात ग्राहक म्हणून नाव माझे निघेल आणि पोलीस माझ्या दारात येतील. घरात म्हातारे वडील आहेत. हा धोका मी आणखी एक महिनाही पत्करणार नाही.

म्हणून मार्चपासूनच्या प्रत्येक सेशनची नोंद मला द्यावी : सुरू-बंद वेळ, आयपी, मॅक ॲड्रेस (जोडलेल्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक), कोणत्या पोर्टवरून जोडणी झाली, किती डेटा आला-गेला. अशा नोंदी किमान दोन वर्षे जपण्याची अट डिसेंबर 2021 मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यात घातली आहे, त्यामुळे "नोंद उपलब्ध नाही" हे उत्तर चालणार नाही. माझा आयडी आजच माझ्या राऊटरच्या मॅकला बांधावा आणि पासवर्ड मला स्वतःला ठरवू द्यावा. टॉप-अपची रक्कम परत करावी. आयडी कुठे वापरला गेला ते शोधून, तो माझ्याकडून बाहेर फुटलेला नाही असे लेखी द्यावे.

तक्रारीचा डॉकेट क्रमांक मिळाला आहे, पण तक्रार मला न विचारताच 'निकाली' दाखवली गेली. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2012 च्या विनियमांप्रमाणे यापुढे आपल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा हक्क मला आहे. तिथेही दाद लागली नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

फोनवर बोलणे भरपूर झाले. आता उत्तर लेखी हवे.

आपला ग्राहक
(ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलावर आहे)

सोबत : पोर्टलवरील सेशनच्या पानांच्या प्रती, राऊटरच्या आकड्यांची वही, त्या रविवारचा वीज बंद असल्याचा एसएमएस, टॉप-अपच्या पावत्या