अण्णांसाठी थांबलेल्यांचे जाहीर आभार

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आमच्या अण्णांना अफेजिया झाला. मेंदूतल्या, बहुतेकांच्या बाबतीत डाव्या बाजूच्या, भाषेच्या भागाला इजा झाली की असं होतं. काय म्हणायचंय ते डोक्यात पक्कं असतं, पण चहा मागायला जावं तर तोंडून ‘चप्पल’ निघतं. माणसाची बुद्धी शाबूत आहे हे लोकांना पटवता पटवताच घरचे दमतात.

म्हणून औषधाच्या दुकानातल्या त्या मुलाचे आभार. त्याने माझ्याकडे न बघता अण्णांनाच विचारलं आणि दोन खोकी समोर ठेवली, “यातलं कुठलं, काका?” त्या रिक्षावाल्या दादांचे, ज्यांनी हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारले आणि अण्णांचा शब्द स्वतः पुरा करायची घाई केली नाही. (आमच्या नातेवाइकांना हे अजून जमलेलं नाही!) बँकेतल्या ताईंनी कागद-पेन पुढे सरकवलं, आवाज चढवला नाही. ऐकू येतं हो अण्णांना, चांगलं येतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, अफेजियाचा उल्लेखही आहे. तरी काउंटरवर चित्रांचा तक्ता ठेवलेलं कार्यालय मला अजून भेटायचंय.

आणि गणपतीत अण्णांना आरतीला पुढे बोलावणाऱ्या पोरांनो, तुमचे खास आभार. अफेजियात पाठ असलेलं, सुरातलं पुष्कळदा टिकून राहतं. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ अण्णांनी अख्खी म्हटली, आणि तीही तुमच्यापेक्षा शुद्ध.