शिरवळचा चहा

कोथरूड, पुणे
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. "जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं," असं बाबा म्हणाले. आई, तू "कशाला एवढा खर्च, आम्ही एसटीने येतो की" म्हणून कुकर बंद करायला गेलीस ती परत फोनवर आलीच नाहीस. फोनवर मला नीट मांडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

गाडीचा विचार माझ्या डोक्यात कधी आला ते आधी सांगते. तुमच्या गुडघ्याचे टाके निघाल्यावर आम्ही तुम्हाला आमच्या छोट्या गाडीतून कराडला सोडायला निघालो होतो. तुमचा पाय लांब करता यावा म्हणून पुढची सीट पार मागे सरकवली होती. त्यामुळे तिच्या मागे आईला गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं, आणि मधे तुमची नात, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन. कात्रजचा नवा बोगदा गेला, खेड शिवापूर गेलं, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. शिरवळ आलं तेव्हा म्हणालात, "जरा चहाला थांबू या." मला बरं वाटलं, म्हटलं बाबांना भूक लागली असेल. तुम्ही दाराला धरून उतरलात आणि टपरीच्या खांबाला पाठ टेकवून उभे राहिलात. दहा मिनिटांनी मी ग्लास परत द्यायला घेतला, तर चहा जसाच्या तसा. वर साय धरली होती. चहा तुम्हाला नकोच होता बाबा, तुम्हाला पाय सरळ करायचा होता. "गुडघा दुखतोय" एवढं तुम्ही पोटच्या लेकीला सांगितलं नाहीत. पुढे खंबाटकीचा घाट चढताना मी तिरक्या नजरेने बघत होते, तुमचे डोळे मिटलेले होते आणि हात मांडी दाबत होता.

मोठी गाडी घ्यायची हे मी त्या दिवशी ठरवलं. मिरवायला नको आहे मला. दुसरा गुडघा अजून व्हायचाय, तपासण्यांसाठी पुण्याच्या फेऱ्या होणार, आणि कराड ते पुणे हे १६० किलोमीटर तुम्ही एसटीच्या पायऱ्या चढून करावेत हे मला सोसवत नाही.

आता जुनीच का, ते सांगते. जेवढे पैसे मी बाजूला काढू शकते तेवढ्यात नवी गाडी घ्यायची तर पुन्हा छोटीच येते, म्हणजे आईचे गुडघे पुन्हा पोटाशी. तेवढ्याच पैशात सात-आठ वर्षं वापरलेली मोठी सेडान मिळते, कारण मोठ्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत धाडकन उतरते. ती झळ पहिल्या मालकाने सोसलेली असते. आणि बाबा, आपली पांढरी फियाट तुम्ही १९९१ साली जुनीच घेतली होती. कोल्हापूरला ती बघायला गेलो तेव्हा मी तुमच्याबरोबर होते, उजेडाला बॅटरी धरायला. तुम्ही रुमालात लोहचुंबक गुंडाळलं होतं, रंगावर ओरखडा नको म्हणून, आणि दाराच्या खालच्या कडेने ते हळूहळू फिरवत होतात. जिथे चिकटेना तिथे बोट ठेवून म्हणालात, "इथं पुट्टी भरलीय." मालकाने मान खाली घातली आणि पाचशे रुपये कमी केले. अकरा वर्षं चालवली आपण ती गाडी. मी तुमच्याकडूनच शिकले आहे, म्हणून जरा विश्वास ठेवा.

पहिली गाडी बघितली ती एका डीलरकडे. काळी, चकाचक, आतून अत्तराचा वास. वास जरा जास्तच होता म्हणून मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. बेल्ट एरवी अर्ध्याच्या पुढे कोणी ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्टीवर मातकट रेघ होती, आणि बोट फिरवलं तर बारीक गाळ हाताला लागला. स्टेपनी उचलली तर खालच्या खड्ड्यात बोल्ट गंजलेले. पाण्यात बुडालेली गाडी ती. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला तेव्हा गाड्या खेळण्यासारख्या वाहून एकमेकींवर चढल्या होत्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग बुडाली. ही गाडी त्यातलीच असं मी म्हणत नाही, कुठल्याही गावच्या पाण्यातली असेल. पण अशा गाडीचं वायरिंग आतून कुजत जातं आणि ती भर घाटात कधी बंद पडेल याचा नेम नसतो. तशीच परत आले.

दुसरी आहे ती सहकारनगरमधली, तिच्याबद्दलच हे पत्र. टोयोटा कोरोला अल्टिस, पेट्रोल, ऑटोमॅटिक, ऑक्टोबर २०१७ ची, एकाच मालकाची, ६१,००० किलोमीटर चाललेली. मालक काका पंचाहत्तरीचे आहेत. मोतिबिंदूनंतर रात्री समोरचे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून त्यांनी स्वतःच गाडी चालवणं सोडलंय. साडेआठ लाख म्हणतात. सर्व्हिसची सगळी बिलं त्यांनी तारखेने लावून फाइलला ठेवलीत, अगदी तुमच्या एलआयसीच्या पावत्यांसारखी. प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात, ते चढत्या क्रमाने जुळले, म्हणजे मीटर मागे फिरवलेला नाही. आंबिल ओढा तिथून जवळच, म्हणून सीटबेल्ट त्यांच्यासमोरच ओढून बघितले. सगळे स्वच्छ.

चुंबकही नेलं होतं मी, रुमालात गुंडाळून. डाव्या मागच्या दाराला एका जागी ते धरेना. मी काही विचारायच्या आत काका म्हणाले, "सोसायटीच्या गेटला लागली होती, बिल फाइलमध्ये आहे." होतं.

कर्वेनगरचे आपले गॅरेजवाले मिस्त्री दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आले. गाडी थंड असतानाच त्यांनी सुरू करून बघितली, कारण गरम इंजिन बऱ्याच खोडी लपवतं. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. पांढरट साय असती तर पाणी ऑइलमध्ये जात असल्याची शंका आली असती. तसं काही नव्हतं. मग त्यांनी मला टायरवरचा आकडा दाखवला, ३४१७. म्हणजे २०१७ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी छान शिल्लक होती, म्हणून मी खूश होते. पण रबर इतक्या वर्षांत कडक होतं, आणि वाकून बघितलं तर कडेला केसाएवढ्या भेगा होत्या. पाचही टायर त्याच वर्षाचे. नवले पुलाच्या उतारावर कसे अपघात होतात ते तुम्ही पेपरात वाचताच, त्या उतारावर मी असल्या टायरवर तुम्हाला घेऊन येणार नाही. किमान चार टायर लगेच बदलायचे, त्याचे तीसेक हजार मी किमतीतून कमी मागितलेत. काका विचार करतो म्हणालेत.

कागदांबद्दल बाबा तुम्ही विचारणारच. आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. कर्ज २०२१ मध्ये फिटलं, पण नोंद उतरवायची राहून गेली. ती बँकेच्या एनओसीने आणि फॉर्म ३५ ने आधी उतरवा, मग गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करू, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ई-चलन एकही बाकी नाही. नव्या नंबरप्लेट लावून झाल्यात. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही नावावर करून घ्यायचा. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही, पण आमची छोटी गाडी विकली की आमचा बोनस इकडे लावता येतो. नोंदणी २०३२ पर्यंत आहे, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षं वाढवता येते.

खर्च लपवत नाही. शहरात लिटरला नऊ-दहाच्या वर जाणार नाही, हायवेला चौदा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २०१७ च्या गाड्या त्या हिशोबाने बनवलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडं आणखी उतरेल आणि रबरी पाइपांवर लक्ष ठेवावं लागेल, असं मिस्त्री म्हणाले. अल्टिस भारतात २०२० मध्ये बंद झाली. त्यावर मिस्त्रींचं म्हणणं असं की सर्व्हिसचे पार्ट अजून मिळतात, आणि अडलंच तर नाना पेठेतला गाड्यांच्या पार्टांचा बाजार आहे. तरीही पहिल्या वर्षासाठी मी एक लाख वेगळे ठेवलेत. कर्ज काढणार नाही, जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त पडतं.

गाडी पंधरा फूट दोन इंच लांब. आमच्या दोन खांबांमधली जागा मी टेपने मोजली, बसते. आपल्या बोळात ट्रॅक्टर येतो, तेव्हा तिथेही येईल. मागच्या सीटसमोरची जमीन जवळजवळ सपाट आहे, मधे नेहमी असतो तसा उंचवटा नाही. म्हणजे मधे बसणाऱ्या नातीचे पाय आईच्या पायांवर येणार नाहीत. आणि डिकी एवढी मोठी, की बाबांच्या वॉकरसारखा वॉकर घडी न घालता आडवा मावला. मी आमच्या शेजारच्या आजींचा मागून नेऊन बघितला.

इथपर्यंत सगळं मनासारखं होतं. तेवढ्यात मला मागच्या डाव्या सीटवर एक चौकोनी उशी दिसली. कापसाची नाही, चांगली घट्ट, चार बोटं जाड. काकांना विचारलं तर म्हणाले, "हिच्यासाठी. गाडी खाली आहे ना, हिला उठता येत नाही."

मी तिथेच टेप काढला. जमिनीपासून सीट वीस इंच भरली, पण बसलं की माणूस मागे खाली रुतत जातो आणि गुडघे कमरेच्या वर येतात. तुमच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी नेमकं हेच टाळायला सांगितलंय. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी सीटकडे पाठ करून कडेला टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली तर अंग सहज फिरतं, आणि खाली घट्ट उशी द्यायची. पण त्यांनी असंही सांगितलं, की एखाद्याला उशीनेही जमत नाही, अशा माणसाला उंच गाडीच बरी. तशी एक उंच गाडी मी बघून आले आहे. तिची सीट पंचवीस इंचांवर आहे, मागे जागा मात्र एवढी नाही.

म्हणजे इंजिन, टायर, कागद सगळं मी तपासलं, पण ही गाडी घ्यायची की नाही हे तुमच्या गुडघ्यावर ठरणार आहे. आणि तिथे मला तुमची भीती वाटते बाबा. तुम्ही बसाल, दात आवळून उठाल आणि म्हणाल, "चालतंय की." लेकीने एवढी धडपड केली, तिचं मन कशाला मोडा म्हणून. नाहीतर उलट, छान जमत असताना "नाही जमत" म्हणाल, म्हणजे माझे पैसे वाचतील. लेकीच्या पैशाची गाडी नको हे आईच्या मनात आहे तेही मला कळतं. मला सांगलीला शिकायला ठेवलंत तेव्हा तुम्ही पतसंस्थेचे हप्ते सहा वर्षं फेडलेत आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाहीत. आता मला एवढं करू द्या. पण खरं सांगून करू द्या.

काकांना मी अजून टोकन दिलेलं नाही. बुधवारी तुमची तपासणी आहे तोवर थांबतो, असा त्यांनी शब्द दिलाय. मंगळवारी दुपारी मी न्यायला येते, एसटीचं तिकीट काढू नका. बुधवारी दवाखान्यातून थेट सहकारनगर. बाबा, पाच वेळा बसायचं आणि पाच वेळा उतरायचं, उशीने आणि उशीशिवाय, पुढे आणि मागे. मग कात्रजपर्यंत जाऊन येऊ. दुखलं तर त्याच क्षणी सांगायचं, चहाचं नाव काढायचं नाही.

आई, तू प्रवासाला सोयीचा म्हणून पंजाबी ड्रेस घालून येऊ नकोस. रोजची खळ घातलेली सुती साडी नेसून ये. तुलाही त्या सीटवरून निऱ्या न अडकता उतरता आलं पाहिजे.

तुमची,
ताई