मसाल्यातला गहू

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘मसाले मुळातच ग्लूटेनमुक्त असतात, त्यांची चिंता नको.’ कालच्या आरोग्य पुरवणीत सिलिअ‍ॅकच्या, म्हणजे गहू-जवातले ग्लूटेन हे प्रथिन ज्यांच्या आतड्याला सोसत नाही अशा, रुग्णांना दिलेला हा सल्ला वाचला आणि राहवेना, म्हणून लिहिते आहे. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करताना हेच वाक्य मसाला पुरवणाऱ्यांकडून मी वर्षानुवर्षे ऐकते आहे. ते वर्तमानपत्रात छापून यावे याचा मला संताप आला.

धण्यात, जिऱ्यात ग्लूटेन नसते, हे खरेच. पण शेत, पोती, चाळण्या, दळण्याचे यंत्र, यांतल्या कशावर तरी गहूही येऊन गेलेला असतो. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. त्यात तीनचार मिलिग्रॅम ग्लूटेन. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची ‘ग्लूटेनमुक्त’साठीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम मसाल्याला २. एवढ्या मसाल्यात एक दाणा दळला गेला तरी मर्यादा ओलांडली जाते. आणि हिंग? तो तर बहुतेक वेळा राळेत गव्हाचे पीठ मिसळूनच तयार करतात!

चार वर्षांपूर्वी एका पुरवठादाराने दळलेल्या मिरीसोबत ‘ग्लूटेनमुक्त’ असे प्रमाणपत्र दिले. आम्ही त्यावर विसंबलो, ही आमची चूक. पुढच्या खेपेला मी स्वतः नमुना तपासायला पाठवला, तर ग्लूटेन मर्यादेच्या कितीतरी वर. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “मॅडम, मिरीत गहू कुठून येणार?” खोदून विचारल्यावर दोन गोष्टी कळल्या. त्याच यंत्रावर आदल्या दिवशी हिंग दळला होता आणि नंतर यंत्र फक्त फडक्याने पुसले होते. प्रमाणपत्रासाठीची चाचणी झाली होती ती अख्ख्या मिरीची, दळण्याआधीची! आधीच्या खेपेचा माल आम्ही बाजारातून परत मागवला. त्या वेळी एका आईने फोनवर विचारले, “माझ्या मुलाचं पोट तीन आठवडे दुखत होतं, ते यामुळेच का?” मला उत्तर देता आले नाही.

मसाल्याचे यंत्र पाण्याने धुणे धोक्याचे, कारण ओल राहिली की बुरशी आणि साल्मोनेलासारखे घातक जिवाणू वाढतात. म्हणून ब्रश, व्हॅक्यूम, मग मीठ किंवा पुढचाच मसाला थोडा दळून टाकून द्यायचा आणि त्यानंतर तपासणी. याला वेळ लागतो, माल वाया जातो, म्हणून टाळाटाळ होते. शिवाय लवंग-दालचिनीतली पॉलिफेनॉल ही रसायने ग्लूटेन मोजणाऱ्या एलायझा चाचणीत अडथळा आणतात. नमुन्यातून ग्लूटेन वेगळे काढण्याच्या द्रावणात योग्य प्रथिन घातले नाही तर ग्लूटेन असूनही ‘आढळले नाही’ असा अहवाल येऊ शकतो. अहवालावरची सही पाहून थांबणाऱ्या खरेदी विभागांनी हे लक्षात घ्यावे.

प्रश्न एकट्या गव्हाचा नाही. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत जिरेपुडीत न सांगितलेले शेंगदाण्याचे प्रथिन सापडले आणि ती पूड वापरलेले कितीतरी तयार पदार्थ परत मागवावे लागले. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याचा त्याने जीवही जाऊ शकतो.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखात सिलिअ‍ॅकला तीनदा ‘ग्लूटेनची अ‍ॅलर्जी’ म्हटले आहे. ती अ‍ॅलर्जी नाही, ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते असा तो आजार आहे. दोन्ही दुरुस्त्या त्याच पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक