ब्लोडेइवेदचं कार्ड

कार्मार्थन, वेल्स, ऑक्टोबर

प्रिय मंजे,

पत्र नाही म्हणून तू गप्प, तू गप्प म्हणून मी गप्प, असंच चाललं तर आपण दोघी मिळून पोस्टखातं बुडवू. तब्येत बरी आहे, गुडघा होता तिथेच आहे, त्याबद्दल पुढे विचारू नकोस. लिहायला बसले कारण एक पेच पडलाय. इथे कुणाला सांगितला तर "एवढंच ना" म्हणतात. ज्याने कागदाच्या लगद्यात कोपरापर्यंत हात घातलेत त्यालाच तो कळेल.

एका दुकानाने जानेवारीसाठी दोनशे कार्डं मागितली आहेत. २५ जानेवारी म्हणजे संत डुइनवेनचा दिवस, वेल्श लोकांचा प्रेमदिवस. कार्डावर हवी ब्लोडेइवेद. माबिनोगी ह्या जुन्या वेल्श कथांच्या चौथ्या शाखेतली ही बाई ओक, ब्रूम (पिवळ्या फुलांचं झुडूप) आणि मेडोस्वीट (साय-रंगाचं रानफूल) ह्या तिघांच्या फुलांपासून केलेली. ल्हेउ ह्या तरुणाला आईचा शाप होता की माणसाच्या जातीतली बायको मिळणार नाही, म्हणून माथ आणि ग्विडियन ह्या जादूगारांनी ती घडवली. आणि कार्डाच्या कागदातच त्या तिघांचं बी हवं, पेरलं की उगवणारं.

आता हसून घे. ह्याच बाईने पुढे शिकारीला आलेल्या ग्रोनूवर जीव लावला, दोघांनी मिळून नवऱ्याचा काटा काढायचा कट केला आणि शिक्षा म्हणून तिचं घुबड झालं. ती प्रेमदिवसाच्या कार्डावर! डुइनवेनचंही फारसं धड नाही. तिचा प्रियकर मायलॉन बर्फाचा गोळा झाला आणि तिने तीन वर मागितले, त्यातला एक आपल्याला कधी लग्न करावं लागू नये हा. दुकानवाल्या बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या गिऱ्हाईक गोष्ट वाचत नाही, चित्र बघतं. तुझे ते लग्नपत्रिकेवाले आठवले.

गोष्टीचं जाऊ दे, भांडण बियांशी आहे. ओक तर पहिल्या फेरीतच बाद. त्याचं बी वाळवून टिकत नाही. ताज्या बीमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर ओल असते, ती पंचवीस-तीसच्या खाली गेली की आतला कोंब मरतो. आपल्याकडे आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी, सगळी ह्याच गोत्रातली. कागद वाळवायचा म्हणजे बी वाळवायचं, आणि ओकचं बी वाळवायचं म्हणजे मारायचं. शिवाय ते बोराएवढं, कार्डात कुठे घालणार? बाईंना वाटतं मी आळस करतेय.

ब्रूमचं उलटं. त्याच्या बियांचं कवच इतकं कडक की लगद्यात दोन दिवस ठेवलं तरी पाणी आत शिरत नाही. म्हणजे कागद वाळवून ते जिवंत राहतं, पण मग पेरल्यावरही तसंच मख्ख बसून राहतं. पॉलिश पेपरने घासायचं, नाहीतर गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं. हे मी आधी करून लगद्यात टाकलं तर बी तिथेच फुगतं, आणि फुगलेलं बी वाळवलं की गेलं. न घासता टाकलं तर कार्ड मिळालेल्या माणसाने कागदातून बी उपसून घासत बसायचं. त्यात हे झुडूप दीड-दोन मीटर वाढतं आणि बी विषारी आहे, मुलांच्या हाती लागणाऱ्या कार्डात मला नको. आणि तू "मला पण एक पाठव" म्हणशील, तर ऐक: निलगिरीच्या गवताळ पठारांवर ह्याच ब्रूमने उच्छाद मांडलाय. भारतात बी पाठवायला परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ह्या बीला ते लागतं ह्याचं मला बरंच वाटतं. युरोपात पाठवायलाही २०२१ पासून प्रमाणपत्र लागतं, म्हणून परदेशी जाणारी कार्डं बिनबियांची.

उरलं मेडोस्वीट, आणि हे मात्र गुणी निघालं. त्याच्या बीला हिवाळ्याची दोन-तीन महिने ओली थंडी लागते, त्याशिवाय ते जागं होत नाही. सगळे ह्याला दोष म्हणतात, पण सीड पेपरसाठी, म्हणजे बी घातलेल्या कागदासाठी, हाच गुण. खसखस किंवा कॉर्नफ्लॉवरचं बी ओल्या कागदात जास्त दिवस राहिलं तर कोंब काढतं, तुझ्या सब्ज्याने काय केलं ते आठव (आख्ख्या टपात जेली, आणि तू म्हणत होतीस "टेक्स्चर आलंय"). मेडोस्वीट लगद्यात झोपून राहतं आणि वाळलं तरी झोपलेलंच राहतं.

कागद असा करतेय: वाया गेलेला छपाईचा कागद तीस ग्रॅम, एक लिटर पाणी, रात्रभर भिजवून मिक्सरमधून. बी मिक्सर बंद झाल्यावर, कधीही आधी नाही, पात्याने कापलं जातं. खरं म्हणजे मी ते लगद्यातही घालत नाही. जाळीवरून कापडावर उतरवलेल्या ओल्या तावावर वरून पेरते, पाच सेंटिमीटरच्या गोलात पंधरा-वीस, आणि स्पंजने हलकेच दाबते. ह्याला उगवायला उजेड लागतो, जाड तावाच्या पोटात गेलं तर बसून राहील. प्रेसमध्ये घालायचं नाही, ओव्हनमध्ये तर नाहीच. खोलीत पंखा, वीसच्या आसपास तापमान, एका दिवसात वाळायला हवं. इथल्या नोव्हेंबरात तीन दिवस लागतात आणि कडेला बुरशी येते, म्हणून हे काम ह्याच महिन्यात उरकायचं. छपाई लेझर प्रिंटरवर नाही, त्याच्या गरम रोलरने बी भाजून निघतं. चित्र आणि मजकूर साध्या कार्डावर आधी छापायचा, सीड पेपरचा गोल शेवटी एका कडेने चिकटवायचा.

आता तुझं-माझं जुनं भांडण. तू म्हणशील सुती चिंध्यांचा लगदा घे. बेससाठी, म्हणजे खालच्या कार्डासाठी, हजारदा मान्य. पण बियांच्या गोलासाठी नाही, सुती तंतू लांब, मातीत महिनोन्महिने चटईसारखा राहतो, कोंबाला वर यायला वाट देत नाही. छपाईच्या कागदाचे तंतू आखूड, पावसात विरघळतात. आणि तुरटी-राळ तर मुळीच नको, पाणीच शोषणार नाही. हे मान्य न करता पुढे वाच.

बाईंना मी सांगितलं: चित्रात तिन्ही फुलं, बी फक्त मेडोस्वीटचं, आणि मागे तसं स्पष्ट छापायचं. त्या म्हणतात "तीन" ह्या शब्दावर कार्ड विकलं जातं, मग आयातीचं रानफुलांचं तयार मिश्रण भरा, कोण बघतंय. नाहीतर ब्लूबेल, ते निळं रानफूल. रानातली ब्लूबेल विकायला १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली बंदी आहे, आणि बीपासून फूल यायला चार-पाच वर्षं. मिश्रणाला मी नाही म्हटलं. ब्लोडेइवेदच्या नावावर कुठलीतरी खसखस उगवली तर ती कार्ड नव्हे, थाप आहे. ऑर्डर जाईलही. तू असतीस तर काय केलं असतंस, हे विचारायला एवढं लिहिलं.

मेडोस्वीट एकटं पुरेसं आहे असं माझं मत आहे. इथून पूर्वेला ल्हिन अ वान वाख हे तळं आहे, मद्वाय गावच्या वैद्यांची गोष्ट तिथलीच: तळ्यातून आलेली बाई मुलांना औषधी वनस्पती दाखवून गेली, आणि तेराव्या शतकापासून त्या घराण्याची वैद्यकी चालली. तिथल्याच डोंगरावर, फान वोएल ह्या शिखरावरच्या कांस्ययुगातल्या थडग्यात मेडोस्वीटचे परागकण सापडलेत, कुणीतरी मेलेल्या माणसाजवळ ही फुलं ठेवली होती. अॅस्पिरिनच्या नावातलं "स्पिर" ह्याच झाडाच्या जुन्या लॅटिन नावातलं. एवढं सगळं एका बीमागे असताना तीनचा हट्ट कशाला? शिवाय ग्विडियनने तरी तिन्ही एकदम कुठून आणली? ओकचे तुरे एप्रिल-मेमध्ये, ब्रूम मे-जूनला, मेडोस्वीट जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत. त्याच्याकडे टीपकागदांची मोठी चळत असणार.

माझ्याकडे चित्रासाठी तिन्ही दाबून ठेवलेली आहेत. ओकचे तुरे उमलायच्या आधी घ्यावे लागतात, नाहीतर पिवळी पावडर सगळ्या पानावर. ब्रूमच्या फुलाचा कणा मांसल, तो उभा चिरला नाही तर काळा पडतो. मेडोस्वीट अर्धं उमललेलं, पहिले दोन दिवस रोज टीपकागद बदलून, तरच साय-रंग टिकतो, उशिरा घेतलं की तपकिरी. खरी फुलं कार्डावर चिकटवणार नाही, स्कॅन करून छापेन. पोस्टात चुरा होतो.

मागचा मजकूर: गोल फाडा, ओल्या मातीच्या कुंडीवर सपाट ठेवा, वर चिमूटभर वाळू, कुंडी बाहेर पाणी धरणाऱ्या बशीत. कागद वाळू देऊ नका, वाळला की कडा उचलल्या जातात आणि कोंब लटकतो. गोगलगायींवर लक्ष. पहिल्या वर्षी पानंच, फूल दुसऱ्या वर्षी. २५ जानेवारीला पेरलं तर मार्चअखेरपर्यंत थंडी कशीबशी पुरते, उशीर केला तर ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये.

तुझ्या शेडच्या भाड्याचं काय झालं? ओंकारची दहावी आहे ना ह्या वर्षी, त्याला माझ्याकडून काही उपदेश नको, पेन दे एक. काकूंचं ऐकून वाईट वाटलं, वेगळं लिहीन. बंड्या अजून तसाच?

आणि हे महत्त्वाचं: बेससाठी मला तुझा सुती कागद हवाय, चौरस मीटरला २५० ग्रॅमचा, ए५ ताव, मध्ये घडी पडून ए६ होईल असा, चारही कडा हातच्या, न कापलेल्या. शाई फुटू नये म्हणून साइझिंग हवं, पण न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेलं. बी नसलेल्या कागदाला प्रमाणपत्राची भानगड नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवा. बाईंनी ऑर्डर मोडली तरी कागद मी घेणारच, तेव्हा भाव कळव. मैत्रीतला नको, खरा.

तुझी,
शुभा