बंड्याच्या हिरड्या

ठाणे,
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

परवा फोनवर ‘शेरूची सोनोग्राफी करून घे’ म्हणालो तर तू हसलास. ‘अरे, कुत्रा एक दिवस मरगळला होता, दुसऱ्या दिवशी चेंडूमागे पळत होता!’ ते दुसऱ्या दिवशीचं पळणंच माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर मला धड सांगता येत नाही, घसा दाटतो. म्हणून पत्र.

आमच्या बंड्याचं असंच झालं. जूनमध्ये एका संध्याकाळी दोन पायऱ्या चढला आणि तिथेच बसून राहिला. जेवला नाही. मी पडलो घरचा वैद्य! पित्त झालं असेल म्हणून दहीभात पुढे ठेवला. सकाळी स्वारी ठणठणीत, आणि मला आपल्या निदानाचा अभिमान. खरं तर त्याच्या प्लीहेवर (आपली आजी पाणथरी म्हणायची ती) गाठ होती. तिच्यातून थोडं रक्त पोटात झिरपून थांबलं असणार, आणि ते शरीराने परत शोषून घेतलं असणार. म्हणून तो बरा दिसला.

तीन आठवड्यांनी रात्री साडेअकराला तो पॅसेजमध्ये कोसळला. पोट तट्ट फुगलेलं, श्वास भराभर. हिने त्याचा ओठ वर केला आणि मला हाक मारली. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. निरोगी हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. इथे परत यायला रंगच नव्हता.

नेहमीच्या डॉक्टरांनी फोन उचलला, हे नशीब. म्हणाले, चालवू नका, घरातली पेनकिलर देऊ नका, आणि रात्री सोनोग्राफी, रक्त आणि ऑपरेशन तिन्ही होईल अशाच ठिकाणी न्या. चादरीची झोळी करून वॉचमन आणि मी ते बत्तीस किलो खाली उतरवले. रात्रीचा घोडबंदर रोड तुला माहीत आहे, कंटेनरला कंटेनर चिकटलेला. माजिवड्यापर्यंत रांगत गेलो, मग कळवा पूल, विटावा, ऐरोली. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबलेलं नव्हतं, तेवढी एक गोष्ट आमच्या बाजूने झाली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तिशीच्याही नसतील. सोनोग्राफीत पोटभर काळं दिसलं, म्हणजे द्रव. सुई घालून थोडं काढलं, तर लाल. ती नळी टेबलावर ठेवून त्या सलाईन लावत होत्या आणि मी नळीकडे बघत होतो. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली असती तर ते रक्त गोठलं असतं. पोटात साचलेलं रक्त आधीच गोठून पुन्हा पातळ झालेलं असतं, ते नळीत गोठत नाही. दहा मिनिटं झाली, नळी हलवली की रक्त पाण्यासारखं हलत होतं.

रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण पहिल्या तपासणीत बरं आलं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, तर त्या म्हणाल्या, आत्ताचा आकडा फसवा आहे, सलाईन गेल्यावर खरा कळेल. आणि तसंच झालं. ३४ टक्क्यांवरून २२. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो.

रक्त हवं होतं. कुत्र्यांचेही रक्तगट असतात, पण पहिल्यांदा रक्त चढवताना सहसा चालून जातं, कारण आपल्यासारखी परक्या रक्ताविरुद्धची प्रतिपिंडं त्यांच्यात बहुधा आधीपासून नसतात. दाता मात्र पंचवीस किलोंच्या वरचा, तरुण आणि लसी झालेला हवा. मध्यरात्री दीडला मी बी विंगमधल्या काकूंना फोन केला. त्यांचा रॉटवायलर. गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत ‘याला लिफ्टमध्ये बंदी घाला’ म्हणणारा मीच. काकू गाऊनवरच रिक्षा करून आल्या. त्या सभेचा शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

मग सही. बाईंनी स्वच्छ सांगितलं: अशी गाठ फुटून रक्तस्राव झाला की बहुतेक वेळा ती कर्करोगाची निघते, पण कधी कधी साधीही असते, आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. बायोप्सीआधी कोणालाच कळत नाही. म्हणजे जुगारच. ही म्हणाली, ‘शेपटी हलवतोय अजून.’ मी सही केली. (खर्चाचा आकडा भेटल्यावर सांगेन, वहिनींसमोर नाही.) प्लीहा काढली. पुढचे दोन दिवस हृदयाचे ठोके मध्येच चुकत होते. या ऑपरेशननंतर असं होतं म्हणे, म्हणून तिथेच ठेवलं.

रिपोर्ट वाईट आला. हिमॅन्जिओसार्कोमा, रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग. नुसत्या ऑपरेशनवर साधारण एक ते तीन महिने, केमोने आणखी थोडे. केमो आम्ही केली नाही. ते बरोबर की चूक, यावर आमचं दोघांचं अजून भांडण होतं.

जूनमध्येच सोनोग्राफी केली असती तर? डॉक्टर म्हणतात, रोग तोच राहिला असता. असेल. पण ऑपरेशन दिवसाउजेडी, ठरवून झालं असतं. पांढऱ्या हिरड्या बघाव्या लागल्या नसत्या.

तेव्हा शेरूला उद्याच ने. नऊ वर्षांचा आहे तो. तुमच्या गच्चीवर उंदराचं औषध ठेवलेलं असतं, तेही डॉक्टरांना सांग. तसल्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठणंच बंद पडतं, लक्षणं काही दिवसांनी दिसतात, आणि तिथे सुरीआधी व्हिटॅमिन के लागतं. गोचीड झाले होते का, तेही सांग. आणि आत्ता उजेडात त्याच्या हिरड्या बघून ठेव. काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघ. नेहमीचा रंग माहीत असला तर बदललेला कळतो.

आज बंड्याचा सत्तेचाळिसावा दिवस. गॅलरीत पडलाय. हिने खारीचा डबा उघडला, तर कान टवकारून उठलाय बघ. डॉक्टरांनी खारी बंद सांगितली आहे. आम्ही देतो.

शेरूच्या हिरड्यांचा फोटो पाठव.

तुझा,
दिलीप